देण्याचे माप आणि घेण्याचे माप



कंपनीच्या वरिष्ठ कारभाऱ्यांना पगाराखेरीज, कंपनीचे समभाग पुढे काही वर्षांनी आजच ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा जो हक्क दिला जातो, ज्याला कायद्याच्या पुस्तकात ‘कर्मचारी समभाग विकल्प’ आणि व्यापारी पेठेत नुसते ‘ईसॉप’ म्हणतात, त्या हक्काकडे सामान्य भागधारकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. आणि ज्या लहानशा कंपनीच्या समभागाला मुंबईच्या शेअरबाजारात भाव फुटत नाही, तिची किंमत कोणी आणि कशी ठरवावी, हा दुसरा. वरकरणी हे दोन प्रश्न निराळे दिसतात आणि सभांमधून त्यांची चर्चाही निरनिराळी होते; परंतु तीस वर्षे लोकांचे ताळेबंद तपासण्यात घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, लहान कंपनीच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या पोटात असते.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे धानाचे बांध, तलाव, राईस मिली आणि पितळेची भांडी यांची बोली लोकांना अधिक परिचयाची, तेथे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या विषयाची ओळख या मातीला कंपनीचा कायदा येण्याच्या आधीपासून आहे. आपल्याकडील मालगुजारी गावाची मालकी पुष्कळदा एका माणसाची नसे. ती सोळा आण्यांत वाटलेली असे. कोणाची चार आण्यांची पट्टी, कोणाची दोन आण्यांची, एखाद्या विधवेच्या नावे सहा पैशांचीही. या सर्व पट्टीदारांच्या वतीने गावाचा वसूल गोळा करावा, सरकारची जमाबंदी भरावी, आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या आण्यांप्रमाणे वाटून द्यावा, यासाठी त्यांच्यापैकीच एकाचे नाव लंबरदार म्हणून सरकारदफ्तरी लागे, आणि या श्रमाबद्दल त्याला वेगळा मेहनताना, म्हणजे लंबरदारी हक्क, मिळे. लंबरदार स्वतः मालकांपैकी एक, आणि तरीही इतर मालकांचा कारभारी; त्याच्याजवळ वही, त्याच्याजवळ कोठीची किल्ली, आणि दूर नागपुरास किंवा माहेरी राहणाऱ्या पट्टीदाराजवळ केवळ आपल्या आण्यांचा आकडा. नफ्याच्या हिशेबासाठी पट्टीदारांनी लंबरदारावर लावलेले दावे मध्यप्रांताच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालत राहिले. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली; परंतु जो धनी दूर आहे आणि जो कारभारी कोठीशी आहे, त्यांच्यातील नाते कागद बदलला म्हणून संपले नाही. त्याचेच आजचे नाव भागधारक आणि व्यवस्थापकीय संचालक.

त्या कोठीतील एक गोष्ट जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी ऐकली आहे. धान घेताना पायलीवर शीग चढवून मोजायचे, आणि देताना तीच पायली हाताने सपाट करून मोजायची. पायली एकच, परंतु शीग लावली की ती मोठी होते, आणि हात फिरविला की ती लहान होते. माझ्या आजच्या साऱ्या विवेचनाचा आधार ही शीग आहे, आणि म्हणून तिची आठवण मी आरंभीच करून ठेवतो.

आता विकल्प म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कंपनी आपल्या कारभाऱ्याला सांगते की, आज समभागाची किंमत इतकी आहे. आपण येथे अमुक वर्षे टिकलात, तर त्यानंतर याच किमतीला आम्ही आपल्याला इतके समभाग देऊ. दरम्यान किंमत वाढली तर वाढ आपली. न वाढली तर आपण ते समभाग घेण्याचे कारण नाही, आणि आपले नुकसानही नाही. यामागील कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. सालदाराला वर्षाचे धान ठरवून देणे निराळे आणि त्याला पिकात हिस्सा देणे निराळे. हिस्सा मिळाला की रात्री पाणी धरायला त्याला कोणी उठवावे लागत नाही. आपल्या देशात या कल्पनेचे भाग्य ज्या कंपनीने उजळले, ती इन्फोसिस 1981 साली पुण्यास सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर काढली होती. 1993 साली तिने 95 रुपये किमतीला आपले समभाग जनतेपुढे ठेवले, तेव्हा जनतेने ते पुरते उचललेसुद्धा नाहीत. आणि पुढच्याच वर्षी तिने कर्मचाऱ्यांना भागीदार करून घेणारी योजना सुरू केली. त्या योजनेतून किती मध्यमवर्गीय कुटुंबांची घरे उभी राहिली, हे पुण्यात आणि बंगळुरात कोणीही सांगेल. प्रतिभूति मंडळाने, म्हणजे सेबीने, 1999 साली अशा योजनांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि तेव्हापासून हा प्रकार मोठ्या कंपन्यांतून मध्यम कंपन्यांत, आणि तेथून आपल्या अवतीभोवतीच्या खाजगी मर्यादित कंपन्यांत झिरपत आला आहे. माझ्या तक्रारीचे मूळ या झिरपण्यात आहे. इन्फोसिसच्या समभागाला रोज सकाळी बाजार किंमत लावतो. आपल्या जिल्ह्यातील राईस मिलच्या समभागाला ती कोण लावतो?

येथे एक हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गावाचे व कंपनीचे नाव मी सांगत नाही, आणि आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. एका कुटुंबाची धानभरडाईची खाजगी मर्यादित कंपनी. भांडवल एक कोटी, शंभर रुपयांचे एक लाख समभाग, आणि ते आता तिसऱ्या पिढीच्या वीसबावीस माणसांत वाटलेले. तिचा व्यवस्थापक कुटुंबाबाहेरचा, कर्तबगार, हात स्वच्छ असलेला. त्याला नागपुरास दुसरीकडून बोलावणे आले, तेव्हा त्याला थांबविण्यासाठी संचालकांनी ठराव मांडला की, तीन वर्षे टिकल्यास त्याला शंभर रुपयांप्रमाणे पाच हजार समभाग घेण्याचा हक्क द्यावा. सभेला मी हिशेबतपासनीसाच्या कचेरीतर्फे हजर होतो. मागच्या रांगेत एक वयस्क विधवा बाई बसल्या होत्या. त्यांच्या नावे दोन हजार समभाग होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मास्तरांचं पोरगं चांगलं आहे, त्याला द्या, माझी ना नाही. पण चार वर्षांआधी पोरीच्या लग्नासाठी मी पाचशे शेअर तुम्हाला दिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, याला बाजार नाही, एकशेदहाच्या वर भाव येत नाही. आता बँकेच्या कागदावर तुम्ही सातशे लिहिले, असं माझा भाचा सांगतो. मग शंभर खरे, एकशेदहा खरे, का सातशे खरे?”

सभेत कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला, चहा झाला, आणि माणसे पांगली. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता यायला हवे होते. ते देण्याइतके ज्ञान माझ्याजवळ होते, धैर्य नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम शंभराची गोष्ट घेऊ. शंभर हा त्या समभागावर छापलेला आकडा होता, त्याची दर्शनी किंमत. आजोबांनी गिरणी काढली तेव्हा एका समभागामागे इतके रुपये घातले, एवढीच माहिती त्यात आहे. या आकड्याचा आजच्या मूल्याशी काही संबंध नाही, आणि तरीही लहान कंपन्यांतून विकल्पाची किंमत म्हणून तोच लिहिला जातो, कारण तो सोपा असतो व कोणी विचारीत नाही. कायदाही कंपनीला ही किंमत ठरविण्याची मोकळीक देतो.

कंपनीची खरी किंमत काय? आपल्याकडे याची एक जुनी सरकारी रीत होती. 1947 च्या कायद्याने नेमलेला भांडवल नियंत्रक 1992 पर्यंत दिल्लीस बसून कोणत्या कंपनीने आपला समभाग काय भावाने विकावा ते ठरवीत असे. त्याची रीत अशी की, एकीकडून मालमत्तेतून देणी वजा करून दर समभागाचे पुस्तकी मूल्य काढावे. दुसरीकडून सरासरी नफा घ्यावा, आणि कारखानदारीच्या कंपनीला शेकडा 15, व्यापारी कंपनीला शेकडा 20 या दराने त्याचे भांडवली मूल्य करावे. आणि दोहोंची सरासरी हे वाजवी मूल्य मानावे. नियंत्रक गेला, कचेरी बंद झाली, परंतु त्या रीतीत असलेला शहाणपणा बंद करण्याचे कारण नाही. त्या गिरणीची निव्वळ मालमत्ता पाच कोटींची, म्हणजे समभागाला 500 रुपये, कर वजा जाता सरासरी नफा 60 लाखांचा, त्याचे शेकडा 15 ने मूल्य चार कोटी, म्हणजे समभागाला 400, सरासरी 450. बँकेच्या कागदावरचे 700 आले ते जागा व यंत्रे आज नव्याने घ्यावी लागली तर किती पडतील, या हिशेबातून. तारणासाठी तो हिशेब ठीक असेल, परंतु चालती गिरणी कोणी मोडून विकत नसते. सर्वोच्च न्यायालयाने महादेव जालान यांच्या प्रकरणात 1972 साली आणि कुसुमबेन महादेविया यांच्या प्रकरणात 1980 साली हेच सांगितले की, चालत्या धंद्याच्या समभागाचे मूल्य मुख्यतः त्याच्या कमाईच्या शक्तीवर ठरते, आणि मालमत्ता मोडून येणाऱ्या किमतीचा आधार कंपनी बंद होण्याच्या वाटेवर असेल तेव्हाच घ्यावा. म्हणजे त्या बाईंना चार वर्षांपूर्वी मिळालेले 110, त्या वेळचे मूल्य आजच्यापेक्षा बरेच कमी धरले तरी, माप नव्हते. ती सपाट केलेली पायली होती.

परंतु ‘सरासरी नफा’ हे दोन शब्द उच्चारणे जितके सोपे, तितका तो काढणे अवघड, आणि लहान कंपनीच्या मूल्यांकनातील सारे कसब येथेच आहे, म्हणून येथे मी थोडा रेंगाळतो. पूर्व विदर्भातील गिरणीचा नफा पावसावर चालतो, आणि शासनाच्या धानाची भरडाई किती मिळाली व तिचा दर काय ठरला यावर चालतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा घेऊन मूल्य काढणारा माणूस एका मृगावरून शेताची किंमत करीत असतो. 31 मार्चला कोठारात धान किती आणि ते कोणत्या भावाने लिहिले, एवढ्या एका ओळीने वर्षाचा नफा दुप्पट किंवा निम्मा दिसू शकतो. पुन्हा, कुटुंबाच्या कंपनीत कित्येक खर्च वहीत येतच नाहीत, आणि जे येऊ नयेत ते येतात. थोरले काका पंचवीस वर्षे बिनपगारी गिरणीवर बसतात. त्यांच्या जागी उद्या माणूस नेमला तर त्याला पगार द्यावा लागेल, तेवढा नफा आज फुगलेला आहे. गिरणीखालची दीड एकर जागा काकूंच्या नावे असून तिचे भाडे कोणी देत नाही, तोही फुगवटाच. उलट घरची मोटार, मुलांच्या शिक्षणाचा प्रवास, लग्नातील मंडप हे कंपनीच्या खर्चात पडलेले असतील, तर तितका नफा दबलेला आहे. तांदळाच्या तुसाची आणि कोंड्याची विक्री रोखीने होते. तिचा पूर्ण हिशेब वहीत आहे की नाही, हे वजनकाट्याच्या पावत्या पाहिल्याशिवाय कळत नाही. हे सर्व सारखे करून घेतल्यानंतर जो आकडा उरतो तो नफा. आणि ज्या मूल्यांकनाच्या कागदात हा खटाटोप दिसत नाही, त्यावर कितीही शिक्के असले तरी तो कागद मूल्यांकनाचा नव्हे. 2017 सालापासून कायद्याने नोंदणीकृत मूल्यांकक निर्माण केले आहेत, आणि त्यांच्यातील चांगले लोक हे काम निष्ठेने करतात. परंतु त्यांना माहिती देणारा कारभारीच असतो, आणि विकल्प मिळणारा माणूसही बहुधा तोच असतो, हे आपण विसरू नये.

आता त्या पाच हजार समभागांचा भार कोणावर पडला ते पाहू. कंपनीचे मूल्य साडेचार कोटी. व्यवस्थापकाने शंभराप्रमाणे पाच लाख रुपये भरले, म्हणजे एकूण चार कोटी पंचावन्न लाख. आणि समभाग झाले एक लाख पाच हजार. एका समभागाच्या वाट्याला आता 433 रुपये 33 पैसे. जुन्या प्रत्येक समभागामागे 16 रुपये 67 पैसे गेले. एक लाख समभागांचे मिळून सुमारे 16 लाख 67 हजार. आणि व्यवस्थापकाला किती लाभ झाला? त्याने शंभरास घेतलेला समभाग 433 रुपये 33 पैशांचा. पाच हजारांवर बरोबर तितकेच, 16 लाख 67 हजार. रुपया कोठे नाहीसा झाला नाही आणि कोठून उगवलाही नाही. तो भागधारकांच्या घरातून कारभाऱ्याच्या घरी गेला. या तुटीत त्या बाईंच्या दोन हजार समभागांचा वाटा 33 हजारांहून अधिक होता. कंपनीच्या तिजोरीतून एक पैसाही बाहेर न पडल्यामुळे सभेतील प्रत्येकाला वाटले की आपण फुकट काही देत आहोत. या भ्रमावर अमेरिकेसारखा देश कित्येक दशके चालला. तेथील कंपन्या कारभाऱ्यांना अब्जावधींचे विकल्प वाटीत आणि तो खर्च नफातोट्याच्या पत्रकात दाखवीत नसत. तेथील प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या आपल्या 1992 च्या पत्रात यावर टीका केली. तरी तो खर्च दाखविण्याचा सक्तीचा नियम तेथे 2004 च्या डिसेंबरात आला, आणि दोन वर्षांनी असेही उघडकीस आले की, कित्येक कंपन्यांनी विकल्पावर मागच्या, भाव पडलेल्या दिवसाची तारीख घालून शीग उलटी लावली होती. आपल्याकडेही नवी लेखामानके पाळणाऱ्या कंपन्यांना विकल्पाचे मूल्य आता खर्चात धरावे लागते.

व्यवस्थापकाने कर्तृत्वाने कंपनी वाढविली तर ही तूट भरून निघते, हे मला मान्य आहे. किती वाढवावी लागेल? जुन्या भागधारकाला पुन्हा 450 मिळण्यासाठी कंपनीचे मूल्य साडेसतरा लाखांनी वाढायला हवे, म्हणजे शेकडा चाराच्या आतच. हे ऐकून कोणी म्हणेल, मग भांडण कशाचे? भांडण असे की, तीन वर्षांत तेवढी वाढ कर्तृत्वावाचूनही होते. 60 लाखांच्या नफ्यातील निम्मा जरी वाटला नाही, तरी दर वर्षी 30 लाख ताळेबंदात आपोआप साचतात, आणि ते भागधारकांचेच, न घेतलेले, पैसे असतात. त्यांच्या व्याजावर वाढलेल्या किमतीत कारभाऱ्याला वाटा देणे, ही त्याच्या श्रमाची कदर नव्हे. म्हणून माझे ठाम मत आहे की, विकल्पाची किंमत आजच्या वाजवी मूल्यावर लिहावी, आणि ती दर वर्षी निदान बँकेच्या मुदतठेवीच्या व्याजाइतकी चढत जावी. त्यावरची वाढ कारभाऱ्याची, आणि ती त्याने आनंदाने न्यावी.

मूल्य ठरविण्याच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने एक मोठा व्यवहार पाहिला आहे, आणि तो या लहान व्यवहाराशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी ज्या मॉइल कंपनीच्या आहेत, तिचे मूळ 1896 साली निघालेल्या इंग्रज व्यापारी मंडळीत आहे. 1962 साली तिची मालमत्ता घेऊन नवी कंपनी झाली, तिच्यात 51 टक्के केंद्र व दोन राज्य सरकारांचे आणि 49 टक्के जुन्या इंग्रज कंपनीचे. 1977 साली तेही 49 टक्के घेऊन ती पूर्ण सरकारी झाली. 2010 च्या अखेरीस केंद्राने 10 टक्के आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी प्रत्येकी 5 टक्के, असे 3 कोटी 36 लाख समभाग जनतेला विकले. किंमत 375 रुपये ठरली; लहान गुंतवणूकदारांना आणि कंपनीच्या कामगारांना त्यात शेकडा 5 सूट, म्हणजे 356 रुपये 25 पैसे. 16 कोटी 80 लाख समभागांच्या हिशेबाने भंडारा, नागपूर व बालाघाटच्या भूगर्भातील या धंद्याचे मूल्य त्या दिवशी 6,300 कोटी ठरले. डोंगरीच्या खाणीत काम करणाऱ्याला सूट मिळाली ती किती, कोणत्या किमतीवर, आणि तिचा भार कोणी सोसला, हे साऱ्या देशाला आधी छापून सांगितलेले होते. भार विकणाऱ्या सरकारांनी सोसला, आणि एकही नवा समभाग निघाला नसल्यामुळे कोणाचाही हिस्सा घटला नाही. खाणीतल्या मजुराला सवलत देताना जेवढी स्पष्टता पाळली गेली, तेवढी गिरणीच्या व्यवस्थापकाला समभाग देताना पाळणे अशक्य का असावे?

ज्यांना असे वाटते की लहान भागधारकाने किमतीबद्दल तक्रार करून काही निष्पन्न होत नाही, त्यांना मी कॅडबरी इंडियाच्या प्रकरणाची आठवण देतो. ती कंपनी शेअरबाजारातून बाहेर पडल्यानंतर तिचे अगदी थोडे समभाग सामान्य लोकांच्या हाती उरले होते. कंपनीने ते काढून घेण्यासाठी 1,340 रुपये किंमत पुढे केली. काही भागधारक मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. न्यायालयाने स्वतंत्र मूल्यांकन करविले. आकडा आधी 1,743 वर, आणि अखेर 2,014 रुपये 50 पैशांवर आला, व 2014 साली न्यायालयाने तो मान्य केला. कंपनी तीच, कारखाने तेच; बदलले ते माप तपासणारे डोळे. मूठभर भागधारकांनी चिकाटी धरली म्हणून निम्म्याहून अधिक वाढ पदरात पडली. त्याच 2014 साली टाटा मोटर्सच्या भागधारकांनी तिच्या वरिष्ठ कारभाऱ्यांच्या मोबदल्याचे ठराव, आवश्यक तीनचतुर्थांश मते न देता, पाडले. पुढे कंपनीने कारणे नीट मांडली, आणि भागधारकांनी वर्षाच्या आत, 2015 च्या जानेवारीत, तेच मंजूर केले. भागधारकाला कारभाऱ्याचे वैर नसते; त्याला विचारले जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

कायद्याने या बाबतीत काय संरक्षण दिले आहे? सार्वजनिक कंपनीला अशी योजना विशेष ठरावानेच करता येते. विकल्प दिल्यापासून निदान एक वर्ष गेल्याशिवाय तो वापरता येत नाही. तो दुसऱ्याला विकता येत नाही. प्रवर्तकांना व दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा असणाऱ्या संचालकांना, नवोद्यमांचा अपवाद वगळता, तो देता येत नाही. आणि एखाद्याला एका वर्षात भांडवलाच्या एक टक्क्याइतके वा अधिक समभाग द्यायचे असतील तर त्याच्या नावाचा स्वतंत्र ठराव लागतो. परंतु 5 जून 2015 च्या अधिसूचनेने खाजगी कंपन्यांना विशेष ठरावातून सूट दिली, आणि तेथे आता साधे बहुमत पुरते. म्हणजे जेथे बाजार नाही, वर्तमानपत्रे नाहीत, मतदानावर सल्ला देणाऱ्या संस्था नाहीत, आणि किंमत केवळ संचालकांच्या तोंडून कळते, नेमके तेथेच संरक्षणाची भिंत सर्वांत ठेंगणी करण्यात आली. ही सूट देताना व्यवसायसुलभतेचा हेतू असेल. तरी माझ्या मते ती चूक होती, आणि ती मागे घेतली पाहिजे.

कारभाऱ्याच्या बाजूनेही मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण तो या गोष्टीतला खलनायक नाही. त्या व्यवस्थापकाने तीन वर्षांनी आपले समभाग घेतले, तेव्हा घेतलेल्या दिवसाचे वाजवी मूल्य आणि त्याने भरलेली किंमत यांतील फरक त्याचे वेतन समजून त्यावर प्राप्तिकर लागला. हातात पैसा आला नव्हता. समभाग विकायला गिऱ्हाईक नव्हते. आणि कर मात्र रोख भरायचा होता. पुढे तो नोकरी सोडून गेला, आणि त्याचे समभाग परत घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यालाही सांगण्यात आले की याला बाजार नाही. ज्या पायलीने त्या बाईंना मोजले, तीच पायली त्याच्याही वाट्याला आली. म्हणून विकल्पाच्या दस्तऐवजातच परतखरेदीची तजवीज, तिची मुदत आणि तिचे मूल्य काढण्याची रीत लिहिलेली असावी. तिच्यावाचून दिलेला विकल्प हे कर्तबगार तरुणाला दिलेले पोकळ आश्वासन आहे. गाडेगावच्या मोटारकारखान्यात किंवा जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत महिन्याचा पगार हाती पडतो; ती वाट सोडून गावच्या लहान कंपनीत राहणाऱ्या मुलाशी आपण अधिक प्रामाणिक राहिले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कंपनीत एकच पायली असावी. वर्षातून एकदा, ताळेबंदाबरोबरच, समभागाचे मूल्य त्याच रीतीने काढावे, रीत व आकडे लिहून सर्व भागधारकांना पाठवावेत, आणि मग कारभाऱ्याला विकल्प देताना, विधवेकडून समभाग घेताना, भावाभावांत वाटणी होताना, आणि गेलेल्या नोकराला पैसे चुकते करताना तोच आकडा वापरावा. आकडा थोडा चुकला तरी चालेल; चूक सर्वांच्या वाट्याला सारखीच येईल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, तुमसरला, मोहाडीला, पवनीला, साकोलीला, वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावे अशा लहान कंपन्यांचे समभाग पेटीत पडून असतील. सप्टेंबर अखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. सभेची सूचना एकवीस दिवस आधी येते, आणि तिच्यासोबत ठरावाचे स्पष्टीकरण येते. ती सूचना फोडून वाचा. तीत विकल्पाचा ठराव असेल, तर मूल्यांकनाचा कागद लेखी मागा, आणि गेल्या पाच वर्षांत कंपनीच्या माणसांनी कोणाकोणाचे समभाग कोणत्या भावाने घेतले, हे सभेत उभे राहून विचारा. त्या बाईंनी विचारले होते. त्या वेळी त्यांच्याबरोबर दुसरे कोणी उभे राहिले नाही. या वेळी आपण उभे राहावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.